गाडीच्या शोरूममधली घासाघीस बंद व्हावी का?

डोंगरवाट
दसऱ्याला माझ्या मामेबहिणीने साताऱ्यात गाडी घेतली. दहाच दिवस आधी मी त्याच शोरूममधून तीच गाडी घेतली होती. व्हेरियंटही तेच, रंग तेवढा वेगळा. परवा घरी दोघांच्या फाइली शेजारी ठेवल्या, तर तिने माझ्यापेक्षा ३८,००० रुपये जास्त मोजलेले. एक्स-शोरूम, म्हणजे कर आणि विमा धरायच्या आधीची किंमत, दोघांचं ८,५०,०००च. तिला सांगितलं होतं, "ताई, रेट फिक्स आहे." मलाही आधी हेच सांगितलं होतं. मी उठून दारापर्यंत गेलो, तेव्हा मॅनेजरच्या केबिनमधून निरोप आला, "सर, दोन मिनिटं बसा."

ती नर्स आहे. रात्रपाळी संपवून थेट तिथे गेली होती. तिच्यात भांडायची ताकद नव्हती आणि ते तिचं कामही नाही. जो भांडतो त्याची सूट न भांडणाऱ्याच्या खिशातून जाते, हे मला अजिबात पटत नाही. ऑन-रोड, म्हणजे कर-विमा सगळं धरून होणारा भाव एकच ठेवा, तो भिंतीवर लावा आणि सगळ्यांना तोच द्या.

गोदाकाठ
बहिणीचं वाचून वाईट वाटलं. पण तुमची मागणी ग्राहकाच्याच मुळावर येईल. एकच भाव ठरवणार कोण? कंपनीच ना? स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड केला, तो याच कारणासाठी. कंपनीने घालून दिलेल्या मर्यादेबाहेर डीलरने सूट द्यायची नाही, दिली तर डीलरला दंड. डीलर सूट देतो का हे बघायला गिऱ्हाईक म्हणून माणसं पाठवली जायची, असं आयोगाने नोंदवलंय. मूळ तक्रार एका निनावी ईमेलने गेली होती, आणि ती मुंबई सोडून उरलेल्या महाराष्ट्राबद्दल होती, म्हणजे आपल्याच शोरूमांबद्दल. पुढे कंपनी अपिलात गेली, दंडाला स्थगितीही मिळाली. पण मुद्दा राहतोच. दोन डीलर एकमेकांपेक्षा स्वस्त विकू शकतात, म्हणून भाव उतरतो. मी नाशिकच्या दोन आणि संगमनेरच्या एका शोरूमचं कोटेशन घेऊन फिरलो, तेव्हा कुठे माणसं सरळ बोलायला लागली.

चाकण_शिफ्ट
एकच भाव चालतो, आमच्या चाकणमध्येच उदाहरण आहे. इथेच कारखाना असलेल्या मर्सिडीज-बेंझने २०२१ च्या ऑक्टोबरपासून देशभर एकच किंमत केली. गाड्यांचा साठा कंपनीच्या मालकीचा, बिल कंपनीचं, डीलरला कमिशन. ग्राहकाला चार शहरं पालथी घालावी लागत नाहीत.

गोदाकाठ
पण तिथे साठा पडून राहिला तर नुकसान कंपनीचं. आपल्या आठ-दहा लाखांच्या गाडीत डीलरने पैसे भरून माल उचललेला असतो. त्याच्यावर व्याज चढतं, म्हणून तो सूट देतो. ती सोय आपण आपल्या हाताने का घालवायची?

माजी_सेल्सवाला
नऊ वर्षं शोरूमच्या फ्लोअरवर काढली आहेत, म्हणून बोलतो. नव्या गाडीत डीलरचं मार्जिन साधारण ३ ते ५ टक्के. साडेआठ लाखांच्या गाडीत ३८,००० सोडले तर जवळपास सगळं मार्जिन संपलं. मग शोरूम चालतं कशावर? विम्याचं कमिशन, कर्ज मिळवून दिल्याबद्दल बँकेकडून येणारा पेआउट, ॲक्सेसरीजचं किट आणि एक्स्चेंजच्या जुन्या गाडीवर. तुम्ही वरच्या आकड्यावर जीव तोडून भांडता आणि खालच्या ओळी वाचतही नाही. एक्झिक्युटिव्हला शिकवतातच, की गिऱ्हाइकाला एक्स-शोरूमवर जिंकू द्या.

आणखी एक. टेबलापलीकडे बसलेल्या पोराचा पगार तुटपुंजा असतो. महिनाअखेरीला दोन गाड्या कमी पडल्या तर इन्सेंटिव्ह जातो. त्याच्यावर आवाज चढवू नका. सूट द्यायचा अधिकार त्याच्याकडे नसतोच.

रानजाई
मी गेल्या वर्षी एकटीने जाऊन गाडी घेतली. पहिल्या शोरूममध्ये सोबत आलेल्या भावाशीच बोलत होते. पैसे माझे, प्रश्न माझे, उत्तरं त्याला. दुसऱ्या शोरूममध्ये एकटीच गेले.

घासाघीस मला जमत नाही, आणि ती जमायलाच हवी असंही मला वाटत नाही. मी एवढंच म्हणाले, प्रत्येक ओळ वेगळी लिहून द्या. विमा बाहेरून घेणार म्हटल्यावर उत्तर आलं की मग सूट नाही, कॅशलेसही नाही. कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचं बिल विमा कंपनीने परस्पर भरणं, हे विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातलं असतं, शोरूम ठरवत नाही. नव्या गाडीला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा, तीन वर्षांचा घ्यावाच लागतो आणि त्याचा हप्ता सरकार ठरवतं. ओन डॅमेज म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा. दोन्ही कुठूनही घेता येतात. त्यांचं विम्याचं कोटेशन ४६,०००, मी त्याच कव्हरचा ३१,००० ला घेतला. आवाज न चढवता १५,००० वाचले.

डोंगरवाट, बहिणीच्या फाइलमध्ये आरटीओची ओळ काढून बघा. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला कर ११ टक्के आहे.

डोंगरवाट
बघितली. कोटेशनवर "आरटीओ व इतर" १,०६,०००. ८,५०,००० चे ११ टक्के म्हणजे ९३,५००. नोंदणी ६००, कर्जाचा बोजा चढवायचे १,५००, स्मार्ट कार्डाचे २००. एकूण ९५,८००. राहिले १०,२००, त्याची पावती कुठेच नाही.

मग माझी फाइल उघडली. तिथेही १,०६,०००. ३८,००० वाचवले म्हणून मी घरी पेढे वाटले होते आणि हे दहा हजार एका शब्दाने न विचारता देऊन आलो होतो.

गोदाकाठ
बघा, भाव एकच असता तरी ही ओळ तशीच राहिली असती.

डोंगरवाट
मान्य. पण मी ऑन-रोड म्हणालो होतो, एक्स-शोरूम नाही. भिंतीवर प्रत्येक ओळ लिहिलेली असती तर "इतर" खाली दहा हजार लपवता आले नसते. आणि सूट द्यायचीच असेल तर तीही भिंतीवर लिहा. माझी बहीण दारापर्यंत उठून गेली नाही, एवढ्यासाठी तिला दंड का?

माजी_सेल्सवाला
हे दहा हजार बहुतेक हँडलिंग चार्जेस आहेत. पूर्वी ते नावाने लिहायचे, लोक विचारायला लागल्यावर "इतर" झाले. दोघांनी मिळून जा. सरकारच्या 'वाहन' पोर्टलवरची कराची पावती, गाडीचं टॅक्स इनव्हॉइस आणि सहीचं कोटेशन सोबत न्या. एक्झिक्युटिव्हला गाठू नका, अकाउंट्सच्या माणसाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

डोंगरवाट
शनिवारी तिची सुट्टी आहे. दोघंही जातोय.