टेक्सासमध्ये 'मायनर इन पझेशन'चं तिकीट, लढावं का? मदत हवी आहे

मंडळी, मी टेक्सासमध्ये शिकतो, एफ-१ व्हिसावर. वय २०, आणि इथे दारूसाठीची मर्यादा २१; त्याआधी दारू जवळ बाळगणं म्हणजे 'मायनर इन पझेशन'. मित्राच्या गाडीत मागे बसलो होतो. पोलिसांनी टॉर्च मारला तेव्हा माझ्या डाव्या बुटाला टेकून बिअरचा एक न उघडलेला कॅन पडला होता. मी प्यायलो नव्हतो. ब्रेथ टेस्ट नाही, अटक नाही, पण तिकीट माझ्या नावावर.

गाडीवाला मित्र २२ वर्षांचा आहे; कॅन स्वतःचा होता असं तो लिहून द्यायला तयार आहे. दंड (५०० डॉलरपर्यंत) मुद्दाम भरलेला नाही, कारण नुसता भरला तरी दोषी धरतात. कॉलेजच्या कायदा मदत केंद्राने 'डिफर्ड डिस्पोझिशन' सुचवलं: दारूविषयीचा कोर्स, समाजसेवेचे तास, मग केस रद्द. पण त्यासाठी आधी 'गिल्टी' (दोषी) किंवा 'नो कॉन्टेस्ट' (आरोपाला विरोध नाही) म्हणावं लागतं. जे माझं नव्हतंच ते कबूल करायला मन धजत नाही, आणि व्हिसाचीही धास्ती आहे. याआधी माझ्यावर काहीच नाही. उत्तर द्यायला दहा दिवस उरलेत.

अशी कबुली देऊन पुढे रद्द झालेली केस इमिग्रेशनवाले दोषसिद्धी म्हणून धरतात का, की मित्राच्या जबाबावर 'नॉट गिल्टी' म्हणून लढणंच बरं?