शेतात सापडलेली जुनी बटणं, बकलं, अंगुस्तान कशी साफ करावीत?

प्रश्न: इंग्लंडमध्ये मित्रांसोबत नांगरलेल्या शेतात मेटल डिटेक्टर फिरवतो. मालकाची लेखी परवानगी आहे. पितळी वस्तूंवर हिरवा थर चढलाय. चिंचेनं घासू का?

उत्तर १: चिंच, लिंबू, व्हिनेगर अजिबात नको! आम्ल तो गुळगुळीत हिरवा थर खातं, आणि बारीक नक्षी त्याच थरात टिकलेली असते. डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, माती मऊ झाली की लाकडी टूथपिकनं काढा, सावलीत वाळवा. फिकट हिरवी, भुकटीसारखी पूड दिसली तर क्लोराइडमुळे धातू आतून कुजतोय. अशी वस्तू सिलिका जेलसह (ओलावा शोषणारे दाणे) हवाबंद डब्यात वेगळी ठेवा. लोखंड मात्र भिजवू नका. शिशाला हात लागला तर हात धुवा.

उत्तर २: साफसफाईआधी नोंद, हे फार महत्त्वाचं. प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत, वर जागेचे निर्देशांक. ३०० वर्षांहून जुन्या वस्तूत (सुटं नाणं सोडून) किमान १०% सोनं-चांदी असेल, तर इंग्लंडच्या १९९६ च्या ट्रेझर (खजिना) कायद्यानुसार १४ दिवसांत कॉरोनरला (अशा सापडलेल्या खजिन्याची चौकशी करणारा स्थानिक अधिकारी) कळवावंच लागतं.

उत्तर ३: सुट्टीत गावी डिटेक्टर नेणार असाल तर भारताचा १८७८ चा निखात निधी (जमिनीत पुरलेला खजिना) कायदा आधी वाचा. मर्यादा फक्त १० रुपये. त्यावरच्या निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.