मदत हवी आहे : माहीमच्या आंटींची स्ट्रॅटोकॅस्टर खरंच १९६४ची आहे का?

नमस्कार मंडळी,

रविवारपर्यंत हो-नाही कळवायचं आहे, म्हणून घाईने लिहितोय.

माहीमला आमच्या ओळखीच्या एक गोवेकर आंटी आहेत. अंकल आयुष्यभर लग्नांच्या बँडमध्ये गिटार वाजवायचे, दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकॅस्टर ही इलेक्ट्रिक गिटार आंटींना विकायची आहे, आणि ती वाजवणाऱ्या माणसाकडे जावी अशी त्यांची इच्छा आहे. मला पहिले तीन कॉर्ड अंकलनीच शिकवले, याच गिटारवर. त्यामुळे ती दुसऱ्या कुणाकडे गेलेली मला बघवणार नाही.

घरातले सगळे म्हणतात, गिटार १९६४ची. अंकलनी ती १९७४ साली एका खलाशाकडून घेतली. तो म्हणाला होता, दहा वर्षं जुनी आहे. १९६४ हे साल एवढ्यावरच ठरलंय. आता आंटींच्या भाच्याने नेटवर १९६४च्या गिटारींचे भाव बघून रक्कम सांगितली आहे. साल खरं असेल तर मी कर्ज काढून देईन. नसेल तर तेवढे पैसे मला झेपणार नाहीत. पण उगाच खोट काढून आंटींकडून स्वस्तात घेतली असंही व्हायला नको.

जे दिसलं ते असं. हेडस्टॉक, म्हणजे खुंट्या बसवलेलं टोक, मोठा आहे. त्यावर फेंडरचं नाव काळ्या अक्षरांत, सोनेरी कडेचं. बॉडी सनबर्स्ट, म्हणजे कडेला गडद आणि मध्ये फिकट. मागे नेक (दांडा) बॉडीला जोडणाऱ्या प्लेटला चार स्क्रू, त्यावर मोठा ‘एफ’ आणि २६ने सुरू होणारा सहा आकडी नंबर. भाच्याने पिकगार्ड (तारांखालची पाटी) उचलून फोटो काढलाय, त्यात पॉटच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या, पाठीवर ३०४ ६६२८ असं वाचता येतं. तो म्हणतो, ६४ नाही तर नाही, पण ६६ तर पक्कं.

मला खटकलं ते वेगळंच. हेडस्टॉकची पुढची बाजू मधासारखी पिवळी पडली आहे आणि नेकची मागची बाजू चांगलीच फिकट आहे. हेडस्टॉक नंतर रंगवला असेल का?

प्रतिसाद

१९६४ डोक्यातून काढा. लिओ फेंडरची कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीकडे गेली जानेवारी १९६५मध्ये, आणि स्ट्रॅटोकॅस्टरचा हेडस्टॉक मोठा झाला तो त्याच वर्षाच्या अखेरीस. काळ्या अक्षरांतलं नाव तर १९६८पासूनचं. भावात जी प्रचंड तफावत दिसते ती सीबीएसच्या आधीच्या आणि नंतरच्या गिटारींमधली आहे, म्हणून भाच्याने बघितलेले भाव इथे लागू नाहीत.

२६चा नंबर साधारण १९६८-६९चा. पण नुसत्या नंबरवर जाऊ नका. कारखान्यात प्लेटा हाताला येतील तशा लावल्या जायच्या, शिवाय चार स्क्रू काढले की प्लेट कुणालाही बदलता येते.

आता पॉट. ३०४ म्हणजे पॉट बनवणारी स्टॅकपोल कंपनी, ६६ हे वर्ष आणि २८ हा आठवडा. हा झाला पॉटचा जन्म, गिटारचा नव्हे. फेंडरने १९६६मध्ये पॉटचा एवढा मोठा साठा घेतला की तो पुढे १९६९पर्यंत पुरला. त्यामुळे ६६चे पॉट असलेल्या ६८-६९च्या गिटारी भरपूर सापडतात. त्या आकड्यावरून इतकंच म्हणता येतं की गिटार त्याच्या आधीची नाही.

आणि ज्या पिवळेपणाने तुम्ही घाबरलात तो मला सगळ्यात आवडला! १९६८च्या सुमारास फेंडरने जाड पॉलिएस्टरचा रंग वापरायला सुरुवात केली. नावाच्या स्टिकरचं आणि त्या रंगाचं जमत नव्हतं, म्हणून हेडस्टॉकच्या फक्त पुढच्या बाजूला जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर ठेवलं. लॅकर वर्षानुवर्षं पिवळं पडत जातं, पॉलिएस्टर तसं पडत नाही. नकली करणारा सहसा दोन्ही बाजूंना एकच पिवळा हात मारतो.

आणखी एक प्रतिसाद

वरच्या सगळ्याशी सहमत, पण नेक उतरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. नेक एका गिटारची आणि बॉडी दुसरीची असं सर्रास असतं. आधी तारा सैल करा, मग मागचे स्क्रू. नेकच्या बुंध्यावर शिक्का असायला हवा. ट्रस रॉडचा, म्हणजे नेकच्या आतल्या सळीचा, नट बॉडीच्या बाजूला असेल तर नेक १९७१च्या अखेरीआधीची. हेडस्टॉकवर बंदुकीच्या गोळीसारखा नट डोकावत असेल तर नंतरची.

ब्रिजच्या, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात त्या भागाच्या, पत्र्याच्या सॅडलवर ‘फेंडर पॅट. पेंड.’ उमटलेलं आहे का बघा. मागचं झाकण काढून ब्रिजच्या ठोकळ्याला फ्रिजवरचं लोहचुंबक लावा. जुना ठोकळा पोलादी, चुंबक चिकटतं. नंतरच्या ओतीव ठोकळ्याला चिकटत नाही.

पिकगार्डखाली जाडा पिकअप (तारांचा आवाज टिपणारा भाग) बसवायला लाकूड खणलंय का, आणि नेकच्या खाचेत वेगळा रंग दिसतो का, हेही बघा. रंग पुन्हा मारलेला असेल तर जुन्या गिटारची किंमत जवळपास निम्मी धरतात. त्यासमोर खुंट्या बदललेल्या असणं किरकोळ.

धागाकर्ता

काल जाऊन आलो. आंटी आधी तयार नव्हत्या, “अंकलनी कधी खोलली नाही” म्हणाल्या. नंतर स्वतःच टेबलावर चादर अंथरली आणि स्क्रू ठेवायला बशी आणली.

बुंध्यावर शिक्का आहे : २२ फेब ६९ बी. भाचा लगेच म्हणाला, २२ फेब्रुवारी. ट्रस रॉडचा नट बॉडीकडे. चुंबक खटकन चिकटलं. सॅडलवर पॅट. पेंड. आहे. लाकूड खणलेलं नाही, खाचेत दुसरा रंगही नाही.

फक्त मधला पिकअप वेगळा निघाला. बाकी दोघांचा तळ राखाडी आणि तारा कापडी वेष्टणाच्या, याच्या तारा प्लॅस्टिकच्या आणि सोल्डर चकचकीत.

प्रतिसाद

२२ ही तारीख नाही, तो स्ट्रॅटोकॅस्टरच्या नेकचा क्रमांक. बी म्हणजे हेडस्टॉकजवळ तारा टेकतात त्या पट्टीपाशी (तिलाही नट म्हणतात) नेकची रुंदी. नेक फेब्रुवारी १९६९ची, म्हणजे गिटार त्यानंतर लवकरच जुळवली असणार. नंबर, नाव, रंग, पॉट सगळं त्याच्याशी जुळतं. मधला पिकअप मात्र बदललेला आहे. मूळचा कुठे आहे ते विचारा. त्या काळी असा माल इथे सहज मिळत नसे, त्यामुळे वाजवणारे लोक बिघडलेला भागसुद्धा जपून ठेवायचे.

धागाकर्ता

मनापासून आभार. आंटींना सगळं कागदावर मराठीत लिहून दिलं, कुठल्या खुणेवरून काय ठरलं ते. भाच्याला १९६९च्या, एक पिकअप बदललेल्या गिटारींचे भाव त्याच्याच फोनवर शोधायला लावले. नवा आकडा त्याने सांगितला, मी घासाघीस केली नाही.

अंकलचा बिस्किटांचा एक डबा वसईला मोठ्या मुलाकडे आहे, त्यात सुटे भाग असायचे असं आंटी म्हणतात. पुढच्या आठवड्यात वसईला जाणार आहे. त्यात पिकअप सापडला आणि तो मुका असला, तर ४२ नंबरच्या साध्या एनॅमल तारेने गुंडाळून देणारं मुंबई-पुण्यात कुणी आहे का?