मदत हवी आहे: १९८५ मधला मृत्युपूर्व जबाब माहेरी कसा पोहोचेल?

कादंबरी लिहितेय, एका जागी अडकलेय. कथा वाई तालुक्यातली. १९८५ साली मोठी मावशी 'स्टोव्हचा भडका उडून' गेली, असं घरात सांगतात. खरं कारण नवऱ्याचा छळ, आणि ते फक्त आजोबांना ठाऊक होतं. धाकटी बहीण, म्हणजे निवेदिकेची आई, आजही कुणाला आतून कडी लावू देत नाही. कुणी आवाज चढवला की भरल्या ताटावरून उठते. हा भाग जमलाय, त्यावर सूचना नकोत.

भाचीला आजोबांच्या ट्रंकेत मावशीच्या मृत्युपूर्व जबाबाची नक्कल सापडते, असं योजलंय. नवऱ्याकडून किंवा सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचं ४९८अ कलम डिसेंबर १९८३ पासून होतं, हुंडाबळीचं ३०४ब नोव्हेंबर १९८६ मध्ये आलं, इतपत वाचलंय. मावशीच्या लग्नाला नऊ वर्षं झालेली, त्यामुळे सात वर्षांच्या आतल्या मृत्यूची दंडाधिकाऱ्यांमार्फत होणारी चौकशीही कथेत नाही. ओळखीच्या वकिलाला विचारलं, पण तो आजची पद्धत सांगतो (तीही कागदावरची!). प्रकरण कोर्टात गेलेलं दाखवायचं नाही. आजोबांनी ते मिटवलं, हेच तर गुपित आहे.

त्या काळात सरकारी दवाखान्यात, पोलीस ठाण्यात किंवा तहसील कचेरीत काम केलेलं कुणी आहे का? आरोपपत्रच दाखल झालं नसेल तर जबाबाची नक्कल वडिलांच्या हाती पडू शकली असती का? की जबाब घेताना ते खाटेशेजारी होते, असं दाखवणं जास्त पटेल?