इजिप्तमधली रहस्यकथा मुलांसाठी लिहितेय, चोर पकडायचा कसा?

निळीशाई

दहा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी एक रहस्यकथा लिहायला घेतली आहे. जागा देर अल-मदिना, काळ इजिप्तचा राजा रामसेस तिसरा याचा. ज्यांनी हे नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: आजच्या लक्सॉरच्या समोर, नाईलच्या पश्चिम काठावर, डोंगरांच्या कुशीत हे छोटं गाव होतं. राजांच्या खोऱ्यातल्या कबरी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर तिथे बायकापोरांसह राहायचे. तटाच्या आत साधारण ७० घरं. पिरॅमिड आणि ममी यांच्यापलीकडचं इजिप्त मुलांना दाखवावं असं फार मनात आहे, म्हणून हे गाव निवडलं.

नायिका बारा वर्षांची, एका चित्रकाराची मुलगी. काम चालू असलेल्या राजाच्या कबरीतून काहीतरी चोरीला जातं, आळ तिच्या बापावर येतो आणि खरा चोर ती शोधते. इथवर ठीक. पण लिहायला बसलं की पोरगी आजच्या गुप्तहेरासारखी वागायला लागते. पावलांचे ठसे मोजते, संशयितांची यादी करते, शेवटी सगळ्यांना अंगणात गोळा करून भाषण ठोकते. इजिप्त मागे नाटकाच्या पडद्यासारखं लटकत राहतं. ही गोष्ट कुठेही घडली असती असं वाटतं आणि तेच मला नको आहे.

शिवाय अर्धवट खोदलेल्या कबरीत सोनं नसतं, मग चोरायचं काय? बारा वर्षांच्या मुलीला राजांच्या खोऱ्यात कोण फिरकू देईल? आणि चोर सापडला तर त्याचं करायचं काय? तिथल्या खऱ्या शिक्षा मुलांच्या पुस्तकात कशा घालणार? कोणी या काळाबद्दल वाचलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

रानवाट

काळ थोडा मागे नेऊन तुतनखामेन घेतला तर? त्याची कबर १९२२ मध्ये सापडली तेव्हा जवळजवळ अखंड होती, पण पुरल्यानंतर लगेचच चोर आत शिरून गेले होते. सुगंधी तेलं आणि लेपांची भांडी त्यांनी रिकामी केली, एका भांड्यात बोटांचे ओरखडे राहिले होते. सोन्याच्या अंगठ्यांची फडक्यात बांधलेली पुरचुंडी तशीच मागे राहिली. म्हणजे पळापळ झालेली दिसते. तयार रहस्य आहे हे! वर शापाची भीती आहेच, मुलांना शाप फार आवडतो.

खापरखुणा

माझं वाचन बरीच वर्षं या एकाच गावाभोवती फिरतंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे.

रानवाट, तेलाचा मुद्दा सुंदर आहे. चोरांनी तेल नेलं म्हणजे चोरी दफनानंतर थोड्याच काळात झाली, कारण तेल जुनं झालं की खवट होतं. असा तर्क मुलांना स्वतः करता येतो. शाप मात्र मी घेणार नाही. तो मुख्यतः १९२३ मध्ये, त्या उत्खननाला पैसा पुरवणारे लॉर्ड कार्नारव्हन वारल्यावर वर्तमानपत्रांनी फुगवला. डास चावलेली जागा चिघळून ते गेले होते. रामसेसांच्या काळात कबरी फोडणारे लोक शापाला भिऊन थांबले नाहीत, हे त्यांच्याच कबुलीजबाबांवरून दिसतं.

निळीशाई, तुमचा काळ आणि गाव बदलू नका. सोनं सोडा आणि तांब्याची छिन्नी चोरीला जाऊ द्या.

त्या गावात राजाच्या कबरीसाठी वापरायची छिन्नी कारागिराच्या मालकीची नसायची, सरकारची असायची. नाणी तेव्हा नव्हती. वस्तूंची किंमत बहुतेकदा तांब्याच्या वजनात धरायचे, त्याचं माप देबेन, म्हणजे सुमारे ९१ ग्रॅम. तेव्हा छिन्नी म्हणजे हत्यारही आणि रोकडही. म्हणून ती देताना तोलून द्यायचे, लेखनिक नोंद करायचा आणि परत घेताना पुन्हा तोलायचे. चोरी उघडकीला आणतो तो तराजू. परत आलेली छिन्नी दिसायला तीच, वजनाला हलकी, आणि ती तुमच्या चित्रकाराच्या नावावर. पहिल्या प्रकरणाला आणखी काय हवं?

आता माग कसा काढायचा. कबरीच्या पोटात मिट्ट काळोख. उजेड वातींचा: जुन्या कापडाच्या चिंध्या पिळून चरबीत भिजवलेल्या. कोठारातून किती वाती निघाल्या, सकाळच्या कामाला किती गेल्या, दुपारच्या कामाला किती, याचे हिशेब चुनखडीच्या कपच्यांवर लिहिलेले सापडले आहेत. असली एक कपची तुमच्या मुलीच्या हातात द्या. तळहाताएवढी, कडा धारदार, काळ्या शाईच्या ओळी, एका कोपऱ्यावर अंगठा फिरून शाई पुसट झालेली. तिला दिसतं की सुट्टीच्या दिवशीही वाती खर्ची पडल्या आहेत. सुट्टीला कबरीत कोण होतं?

हजेरीही लिहिली जायची. रामसेस दुसऱ्याच्या कारकिर्दीच्या ४० व्या वर्षाचा एक मोठा हजेरीपट ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात गैरहजेरीची कारणं आहेत: कोणाला विंचू चावला, कोणाचे डोळे दुखताहेत, कोणी बिअर बनवतोय, कोणी आईच्या प्रेताला पट्ट्या गुंडाळतोय. समजा तुमच्या खऱ्या चोराने त्या दिवशीचं कारण विंचू असं सांगितलंय. आता गंमत अशी की विंचू उतरवणारा माणूस कारागिरांच्या टोळीतच नेमलेला असायचा. मुलीने त्याला एवढंच विचारायचं, त्या दिवशी तुम्ही कोणाचं विष उतरवलंत?

तिला खोऱ्यात पाठवायचीही गरज नाही. त्यांचा आठवडा दहा दिवसांचा. कामाच्या दिवसांत पुरुष रात्रीही डोंगरावरच्या दगडी झोपड्यांत मुक्काम करायचे, गावात उरायच्या बायका, मुलं आणि म्हातारे. गावाला विहीर नव्हती, पाणी खालून गाढवांवर यायचं. धोबी बाहेरचे, कोळी बाहेरचे. सगळी बातमी आपल्या पायांनी गावाच्या दारापर्यंत चालत येते. पाणक्यांची गाढवं तर पुष्कळदा कारागिरांकडूनच भाड्याने घेतलेली असायची आणि त्या भाड्यावरून सतत तंटे. कोणाचं गाढव अवेळी डोंगराकडे गेलं हे पाणक्याइतकं कोणाला कळणार?

निळीशाई

खापरखुणा, वाती आणि विंचू दोन्ही घेतले! छिन्नीचं वजन पहिल्या पानावर आणते.

पण शेवटाचं काय? चोर गावातलाच असणार, त्याची मुलं नायिकेसोबत खेळणारी असणार. शिक्षेचा प्रश्न आता जास्तच बोचतोय.

मोठ्यानेवाचा

मी मुलांच्या गटाला दर आठवड्याला गोष्टी वाचून दाखवते. या वयाच्या मुलांबद्दल दोन गोष्टी खात्रीने सांगते. एक, त्यांना फसवलेलं चालत नाही. विंचू उतरवणारा माणूस शेवटी अचानक उपटला तर मुलं पुस्तक बाजूला ठेवतील. त्याला दुसऱ्याच प्रकरणात आणा, वेगळ्याच कामासाठी. मुलीच्या भावाला खरोखर विंचू चावू दे. मंत्र, पट्टी, भावाचं रडणं, सगळं येऊ दे. मग पुढे तो धागा जोडताना मुलांना लिहिणाऱ्यावर विश्वास वाटतो.

दुसरं, शिक्षा किती कडक होती यात मुलांना फारसा रस नसतो. त्यांचे प्रश्न वेगळे असतात. त्याने चोरी का केली? तो आधीपासून वाईट होता का? त्याच्या घरच्यांचं पुढे काय झालं? याची उत्तरं चुकवलीत तर मुलं पुन्हा पुन्हा तेच विचारत राहतात. तेव्हा चोरीचं कारण भक्कम हवं. हाव हे कारण मुलांना पटकन कळतं आणि पटकन विसरलंही जातं. कथेत भूक आली की सगळा गट गप्प होऊन ऐकतो, हे मी वेगवेगळ्या पुस्तकांच्या वेळी पाहिलंय.

खापरखुणा

भूक म्हणालात आणि नेमक्या जागी बोट ठेवलंत. रामसेस तिसऱ्याच्या २९ व्या वर्षी या गावाला धान्य वेळेवर मिळेना. पगार म्हणजे धान्यच: भाकरीसाठी खपली गहू, बिअरसाठी जव. ते थकलं तेव्हा कारागिरांनी हत्यारं खाली ठेवली, चौक्या ओलांडून खाली गेले आणि राजांच्या स्मारकमंदिरांपाशी जाऊन बसले. जगातला नोंद असलेला हा सर्वांत जुना संप मानतात. त्याची हकिकत सांगणारा पपायरस आज इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. महिन्याचे १८ दिवस उलटले आणि आम्ही भुकेले आहोत, असं ते सांगतात. कपडे नाहीत, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही. तुमची कथा याच महिन्यांत ठेवा. मग छिन्नीतलं तांबं खरवडणाऱ्याला त्यातून धान्य हवं आहे, आणि त्या धान्याची गरज नायिकेच्या घरालाही तितकीच आहे. संशय कोणावरही जाऊ शकतो, कारण पोट सगळ्यांचंच रिकामं.

शेवटासाठी एक खरा खटला सांगते. सेती दुसऱ्याच्या ६ व्या वर्षी नेबनेफर नावाच्या कारागिराने घरात पुरून ठेवलेलं तांब्याचं हत्यार नाहीसं झालं. एका बाईने येऊन सांगितलं की तिला दैवी खूण झाली, हेरिया नावाच्या बाईला तिने हत्यार नेताना पाहिलं होतं. हेरियाने शपथेवर नाकारलं. घर तपासलं तर हत्यार तिथेच पुरलेलं, सोबत देवाच्या पूजेतली एक धातूची वस्तूही. गावाच्या पंचायतीने ती मरणाला पात्र आहे असं म्हटलं आणि निर्णय वजिरावर सोपवला. एवढी मोठी शिक्षा गाव स्वतः देत नसे. तुम्हीही गोष्ट वजिराकडे निरोप जातो तिथे थांबवू शकता. काही लपवल्यासारखं होणार नाही, कारण गावाचा अधिकारच तिथे संपतो. आणि निरोप काय शब्दांत जावा यावर गाव भांडू दे. भुकेचा उल्लेख करायचा की नाही? तिथे तुमच्या मुलीचं मत येऊ दे.

अंगणातलं भाषण काढून टाका. त्याऐवजी मिरवणूक घाला. देव मानलेल्या जुन्या राजाची, आमेनहोतेप पहिल्याची मूर्ती खांद्यावर घेऊन निघायची, लोक तिला प्रश्न विचारायचे. मूर्ती पुढे सरकली तर हो, मागे हटली तर नाही. चोरीचे तंटेही असे सुटायचे. आणि मूर्ती खांद्यावर घेणारे कोण, तर गावातलेच कारागीर. ज्याने चोरी केली त्याचाच खांदा दांड्याखाली असेल तर? मुलीला हे माहीत आहे, बाकी कोणाला नाही. इथे देवाची टिंगल होऊ देऊ नका ही कळकळीची विनंती. त्या लोकांची श्रद्धा खरी होती. पुढे जायचं की मागे, या ओढाताणीत त्या माणसाचे पाय लटपटले आणि मूर्ती डगमगली, एवढंच दाखवा. देवाने पकडलं की मनाने, हे वाचणारी मुलं आपापलं ठरवतील.

रानवाट

शापाचं मागे घेतो, मिरवणूक त्याहून कितीतरी चांगली. एक शंका. त्या कपच्या हिराटिक, म्हणजे रोजच्या कामकाजाच्या जलद लिपीत असणार. बारा वर्षांची मुलगी त्या वाचेल कशी?

निळीशाई

हो, हे मलाही विचारायचं होतं. बापाने तिला चोरून शिकवलं असं करू का? तो प्रसंग फार वापरलेला वाटतो.

खापरखुणा

चोरून कशाला? या गावात लिहितावाचता येणाऱ्यांचं प्रमाण इतर गावांपेक्षा बरंच जास्त होतं. शिकाऊ मुलांचे धडे गिरवलेल्या कपच्या ढिगांनी सापडल्या आहेत, बायकांची आणि बायकांना लिहिलेली पत्रंही आहेत. पण तुम्हाला त्याहून सोपी वाट आहे. प्रत्येक कारागिराची एक खूण ठरलेली असायची. कोणाची एखाद्या प्राण्याच्या आकाराची, कोणाची नुसत्या दोनचार रेघांची. भांड्यांवर, सामानावर त्या खुणा सापडतात. कोणत्या दिवशी कोणाची पाळी याच्या याद्याही काही कपच्यांवर अशा खुणांनीच केलेल्या आहेत, म्हणजे लिपी न येणाऱ्यालाही त्या कळायच्या. गावात वाढलेल्या मुलीला शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या खुणा तोंडपाठ असणार.

चित्रकार मिळाला तर ती पाळीची कपची पुस्तकात पूर्ण पानभर छापा, खुणांसकट. आणि त्या खुणा आधीच्या पानांवरच्या चित्रांत विखरून ठेवा: शेजारच्या रांजणावर एक, धोब्याच्या गाठोड्यावर एक, विंचू उतरवणाऱ्याच्या पेटीवर एक. म्हणजे जो वाचक मागची पानं उलटून बघेल त्याला नायिकेच्या आधी नाव कळेल.