जुनी पंपरूम: मखर ठेवायचं की रूळ?

सचिव
नमस्कार सभासदहो. रविवारच्या सभेत विषय क्र. ४: सी विंगखालची जुनी पंपरूम. नवीन टाकी झाल्यापासून ती बंदच होती. दिवाळीच्या सुट्टीपासून मुलांनी तिथे प्लायवूडवर आगगाडीचं मॉडेल मांडलं आहे. बी-३०२ यांची लेखी सूचना आली आहे की खोली रिकामी करून गणपतीचं मखर, सतरंज्या, खुर्च्या तिथे ठेवाव्यात. मतं इथेच मांडा, म्हणजे सभा लांबणार नाही.

बी-३०२
मुलांना विरोध नाही. पण मखर दरवर्षी गच्चीवर भिजतं आणि रंगाचा खर्च वर्गणीतून निघतो. शिवाय त्या खोलीत वायरींचं जंजाळ झालंय. काही झालं तर जबाबदार कोण?

सी-२०१
माझा थोरला शाळेतून आला की तिथेच. मोबाइल सुटला हे खरं, पण पुढच्या वर्षी दहावी आहे. आगगाडी खेळून पुढे काय, असं ह्यांनी कालच विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

ए-१०४ (अप्पा)
वहिनी, उत्तर मी देतो. जरा लांब आहे, सवडीने वाचा. चौतीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढली, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

अमेरिकेत एमआयटी म्हणून इंजिनिअरिंगची मोठी संस्था आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी १९४६ साली मॉडेल रेल्वेचा क्लब काढला, टेक मॉडेल रेलरोड क्लब. तो आजही चालू आहे. त्यांना जागा मिळाली ती बिल्डिंग २० मध्ये. ही इमारत १९४३ साली युद्धात रडारच्या संशोधनासाठी घाईघाईने उभारलेली. लाकडी, तीन मजली, युद्ध संपल्यावर सहा महिन्यांत पाडायची म्हणून बांधलेली. पाडली १९९८ साली. तिला लोक ‘प्लायवूड पॅलेस’ म्हणत. उन्हाळ्यात तापायची, हिवाळ्यात गारठायची, जमीन करकरायची. पण तिथे भिंतीला भोक पाडायला कुणाची परवानगी लागत नसे. जेरॉल्ड झकारियास या शास्त्रज्ञांना अणुघड्याळासाठी उंच जागा हवी होती, तर त्यांनी सरळ दोन मजल्यांच्या जमिनी कापून काढल्या!

क्लबची खोली होती २०ई-२१४. आत रुळांचं भलं मोठं टेबल, एचओ मापाचं, म्हणजे खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीपट लहान. मंडळींचे दोन तट होते. एक ब्रश आणि चाकू घेऊन डबे रंगवणारे, डोंगर-घरं करणारे. दुसरे टेबलाखाली पाठीवर झोपून वायरिंग करणारे, त्यांना म्हणत सिग्नल्स अँड पॉवर. माझा जीव ह्या दुसऱ्यांवर.

बी-३०२
अप्पा, टेबलाखाली एवढं असतं काय? एक बटण, दोन वायरी.

ए-१०४ (अप्पा)
एकच गाडी असेल तर दोन वायरी पुरतात. रुळात १२ व्होल्ट सोडायचे, कमीजास्त केले की गाडी कमीजास्त धावते. पण त्याच रुळांवर तीन गाड्या, तीन वेगवेगळे चालवणारे असतील तर? वीज रुळातूनच येते, मग एकाने वेग वाढवला की तिन्ही पळत सुटणार. म्हणून रुळांचे तुकडे पाडायचे, आमच्या भाषेत ब्लॉक. गाडी पुढच्या ब्लॉकमध्ये शिरली की तिच्या मालकाच्या हातातला रेग्युलेटर त्या ब्लॉकला जोडला गेला पाहिजे आणि मागचा सुटला पाहिजे. सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागा, बदलायचे ते वेगळेच.

हे काम पोरांनी टेलिफोन एक्स्चेंजच्या सामानातून केलं. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनी कॉलेजांना जुनं सामान देणगी देत असे, त्यातून रिले (विजेनेच चालू-बंद होणारे स्विच) आणि फोन जोडायचे क्रॉसबार स्विच, स्टेपिंग स्विच मिळाले. टेलिफोनची डायल फिरवून नंबर लावायचा, म्हणजे तो ब्लॉक तुमच्या ताब्यात. विचार करा, कल्याणहून पुण्याला फोन लावणं आणि अमुक रेग्युलेटर तमुक रुळाला जोडणं, गणित एकच आहे. १९६२ पर्यंत त्या टेबलाखाली सुमारे १२०० रिले होते.

गाडी आदळणार असं दिसलं तर खोलीत जागोजागी आपत्कालीन बटणं होती. दाबलं की सगळं ठप्प, आणि भिंतीवरच्या घड्याळात वेळेऐवजी ‘फू’ अशी अक्षरं. आमच्या रिले रूममध्ये असं घड्याळ असतं तर मी रोज बघितलं असतं.

डी-४०२
म्हणजे प्रोग्रॅमिंगच झालं हे. अमुक असेल तर तमुक कर. रिले चालू-बंद म्हणजे एक आणि शून्य.

ए-१०४ (अप्पा)
बरोब्बर! त्याच पोरांच्या हातात पुढे कॉम्प्युटर आला. त्या काळी एमआयटीत आयबीएम ७०४ हा मोठा कॉम्प्युटर होता. भोकं पाडलेल्या कार्डांवर प्रोग्रॅम करून ती खिडकीतून द्यायची, मशीनला हात लावायचा नाही. मग १९५८ साली टीएक्स-० नावाचा ट्रान्झिस्टरचा कॉम्प्युटर आवारात आला. क्लबचे जुने सभासद जॅक डेनिस तोवर तिथे शिकवू लागले होते, त्यांनी पोरांना तो वापरू दिला. समोर बसून, स्वतःच्या हाताने! रात्री कुणाची ठरलेली वेळ रिकामी गेली की ती आपल्याला मिळेल म्हणून ही मंडळी तिथे घुटमळत असत. पीटर सॅमसन या मुलाने त्यातून बाख या जुन्या युरोपियन संगीतकाराचं संगीत वाजवून दाखवलं.

१९६१ साली पीडीपी-१ हा नवा कॉम्प्युटर आला. त्यावर स्टीव्ह रसेल आणि मित्रांनी १९६२ साली ‘स्पेसवॉर’ केला, कॉम्प्युटरवरच्या सर्वांत जुन्या खेळांपैकी एक. दोन यानं एकमेकांवर मारा करतात, मध्ये सूर्य ओढून घेतो. मागचं तारांगण सॅमसनने खऱ्या आकाशाप्रमाणे घातलं. पण मशीनवरचे स्विच दाबून दाबून कोपर दुखायला लागले. तेव्हा ॲलन कोटॉक आणि बॉब साँडर्स रेल्वे क्लबच्या खोलीत गेले, लाकूड, स्विच, वायरी उचलल्या आणि हातात धरायचे डबे करून आणले. आपली पोरं ज्याने खेळतात त्या कंट्रोलरचा हा पूर्वज, वहिनी. आगगाडीच्या भंगारातून आलेला.

आणि कोटॉकचं पुढे काय झालं म्हणाल तर त्याने मित्रांबरोबर बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहिला, पुढे पीडीपी-१० या मोठ्या मशीनचा तो मुख्य रचनाकार झाला.

ए-३०३
अप्पा, ‘हॅकर’ शब्द तिथलाच ना? म्हणजे आमच्या ताईंच्या खात्यातून पैसे गेले ते ह्याच लोकांमुळे?

ए-१०४ (अप्पा)
नाही हो! फार अन्याय होतोय तो. क्लबमध्ये ‘हॅक’ म्हणजे नुसती गंमत म्हणून केलेलं, पण डोकं चालवून, नीटस केलेलं काम. सॅमसनने १९५९ साली क्लबच्या बोलीचा छोटा शब्दकोश केला, त्यात हा शब्द आहे. हॅकर म्हणवून घेणं ही शाबासकी होती. चोरांनी तो शब्द पळवला. तुमच्या ताईंना फसवणारे ते भामटे, त्यांना भामटेच म्हणा.

बी-४०३ (बॉस्टनहून)
अप्पा, आईने फोनवर हे वाचून मला पाठवलं, म्हणून लिहितेय. बिल्डिंग २० च्या जागी आता स्टेटा सेंटर आहे, फ्रँक गेरींनी बांधलेलं, वाकड्यातिकड्या भिंतींचं. मी रोज तिथून जाते. इमारत पाडायची ठरली तेव्हा क्लबला १९९७ च्या सुमारास दुसऱ्या इमारतीत हलावं लागलं. जुना लेआउट, म्हणजे टेबलावरची रुळांची सगळी मांडणी, बराचसा मोडला, नवीन पहिल्यापासून बांधला. त्यात एमआयटीच्या ग्रीन बिल्डिंगचं छोटं मॉडेल आहे, तिच्या खिडक्यांत दिवे लावून टेट्रिस हा ठोकळे रचायचा खेळ खेळता येतो. २०१२ मध्ये विद्यार्थ्यांनी खऱ्या इमारतीवरसुद्धा टेट्रिस चालवला होता, पूर्ण उंचीभर!

एक सांगू? जुना लेआउट मोडला हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं. पन्नास वर्षं एकामागून एक बॅच येऊन त्याच वायरींवर काम करत होती. आपली खोली सुरू होऊन सहा महिनेसुद्धा झाले नाहीत. एवढ्यात मोडू नका, काका.

सी-२०१
अप्पा, तुम्ही असता का तिथे मुलांजवळ?

ए-१०४ (अप्पा)
रोज पाच ते सात. वायरींचं म्हणणं बी-३०२ यांचं बरोबर आहे, ते मी मान्य करतो. मेन लाइनला आजपासून कुणी हात लावायचा नाही. आधी एमसीबी (बिघाड झाला की वीज आपोआप तोडणारा स्विच) बसवू, ट्रान्सफॉर्मर कुलपात. पुढे फक्त १२ व्होल्ट. आणि मे महिन्यात पोरांना कोथरूडला जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियमला नेतो, तिकिटं माझ्याकडून.

बी-३०२
अप्पा, तुम्ही तिथे असाल तर माझी हरकत नाही. पण मखराचं काय? ते यंदाही भिजणार.

डी-४०२
काका, टेबल तीन फूट उंच आहे. मागच्या भिंतीला पाच फुटांवरून लोखंडी मांडणी लावली तर मखर वर बसेल. मोजून सांगतो.

सचिव
मांडणीचं कोटेशन डी-४०२ यांनी सभेपूर्वी द्यावं. किल्ली कुणाकडे राहील तेही ठरवावं लागेल.

ए-१०४ (अप्पा)
त्या क्लबात रीत होती. लेआउटवर चाळीस तास काम केलं की सभासदाला खोलीची स्वतःची किल्ली मिळे. वय, वर्ग काही नाही, फक्त काम. आपण वही ठेवू. तोवर किल्ली माझ्याकडे.

सी-२०१
आईच्या फोनवरून लिहितोय. अप्पाआजोबा, स्टेशनजवळचा सांधा अडकत होता तो मी आणि डी विंगच्या दोघांनी काल सोडवला. तीन तास लागले. ते धरायचे का?

ए-१०४ (अप्पा)
तिघांचेही धर. वहीत तारीख घाल, आणि काय बिघडलं होतं तेही लिही.