लाइन फॉलोअर गाडी: एकच वस्तू घ्यायची तर कुठली?

खटपट्या: जमिनीवरची काळी रेष बघत आपोआप चालणारी गाडी करतोय. अर्डुइनो ऊनो बोर्ड (गाडीचा मेंदू), दोन पिवळ्या बीओ मोटर, मोटरना वीज पुरवणारा एल२९८एन ड्रायव्हर, पुढे रेष ओळखणारे दोन आयआर (इन्फ्रारेड) सेन्सर आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी असा संसार मांडलाय. सरळ रेषेवरही गाडी झोकांड्या खाते, वळणावर रेष सोडते, मध्येच बोर्ड रिसेट होतो. पैसे एकाच वस्तूपुरते आहेत. काय घेऊ?

सोल्डरभाऊ: ऊनो काढून टाका. ईएसपी३२ बोर्ड, एन२० मोटर, टीबी६६१२ ड्रायव्हर आणि आठ सेन्सरची पट्टी घ्या. माझी गाडी यावर सुसाट पळते. व्हिडिओ टाकू?

खटपट्या: एकच वस्तू म्हटलं होतं हो.

तारतम्य: रिसेटचं मूळ त्या चौकोनी बॅटरीत आहे. मोटर सुरू होताना भसकन करंट ओढते, बॅटरीला तो झेपत नाही, व्होल्टेज कोसळतं आणि बोर्ड बेशुद्ध. १८६५० चे (रिचार्ज होणारे लिथियम) दोन सेल सिरीजमध्ये लावा, ७.४ व्होल्ट मिळतील.

जुनाखोड: १८६५० चं नाव काढू नका. माझा होल्डर वितळला. सहा एए सेल बरे.

तारतम्य: शॉर्ट केलात का?

जुनाखोड: स्क्रूड्रायव्हर पडला होता त्यावर. पण एए असते तर वितळला नसता ना!

सोल्डरभाऊ: एल२९८एन स्वतःच दोनेक व्होल्ट खातो. तो आधी बदला, मी वर सांगितलंच आहे.

रेघोट्या: काही विकत घेण्याआधी खोलीतलं ऊन बघा. उन्हातही इन्फ्रारेड असतो. माझी गाडी खिडकीच्या कवडशात शिरली की तिला काळी रेषही पांढरी दिसायची, मग नाकासमोर चालत थेट भिंतीवर. सेन्सरला पुठ्ठ्याची झापडं लावली, जमिनीपासून पाचेक मिलिमीटरवर आणले, तेव्हा सुधारली. आणि चकाकणारी टेप नको, मॅट काळी घ्या.

जुनाखोड: बॅटरी मात्र बदलाच. एए.

तारतम्य: बॅटरी बदला हे मीच आधी म्हटलं.

खटपट्या: झापडं लावली, फुकटात बराच फरक पडला. रेघोट्या, आभार! पाच सेन्सरची पट्टी मागवली आहे. दोन सेन्सरना नुसतं डावं-उजवं कळतं, किती घसरली ते नाही. पाचांवरून उणे २ ते अधिक २ अशी चूक काढून पीडी (चूक किती आणि किती वेगाने बदलतेय यावरून वळण ठरवणारा प्रोग्राम) लिहून बघतो.

तारतम्य: अहो, आणि बॅटरी?

खटपट्या: तीच. रिसेट झाली की बोटाने ढकलतो.